डायनोसॉर चिकटवल्यासारखा दिसतो, कारण त्याला तुमच्या नागपुरात काही कामच नाही

तुमचा प्रश्न वाचला, सोबतची तिन्ही स्केचेस पण झूम करून पाहिली. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. तुम्ही फाइन आर्ट्सच्या शेवटच्या वर्षाला आहात, जेम्स गर्नींचं 'डायनोटोपिया' हे सचित्र पुस्तक बघून डोक्यात किडा घुसला की नागपुरात माणसं आणि डायनोसॉर एकत्र राहतात असं सचित्र पुस्तक करायचं, आणि आता अडचण अशी की सीताबर्डी मेन रोडवर काढलेला टी-रेक्स वरून चिकटवल्यासारखा दिसतो. विचारलंय तीन गोष्टी, खवले अजून डिटेलमध्ये काढू का, फँटसीच आहे तर सायन्सची कटकट कशाला, आणि लोक कॉपी म्हणतील का. चौथी एक शेवटच्या ओळीत आहे, डायनोसॉरला पिसं काढायची का, तिच्याकडे शेवटी येतो.

मी नागपुरातच राहतो, मुलांच्या पुस्तकांची आणि प्रदर्शनातल्या मोठ्या पॅनेलची चित्रं करतो, जुने प्राणी काढायचं काम बऱ्यापैकी केलंय. हाडांचा अभ्यासक नाही, तेव्हा मी सांगतोय ते चित्रकाराच्या बाजूनं.

आधी हे की खवल्यांचा काही संबंध नाही. तुमचं ड्रॉइंग चांगलं आहे, स्नायू, पायाची ठेवण, सगळं जमतंय. पण एक करून बघा, त्या बर्डीच्या चित्रातून टी-रेक्स पुसून टाका, फक्त रस्ता ठेवा. काय बदललं? काहीच नाही. तेच दुकानांचे बोर्ड, तेच लोंबकळणारे वायर, तेवढाच रुंद रस्ता, तेच ऑटो. म्हणजे तुमच्या जगात पिढ्यानपिढ्या दहा-पंधरा मीटरची जनावरं माणसांबरोबर राहतायत आणि कोणी एक वायर सुद्धा वर सरकवली नाही! डोळ्याला हेच खटकतं, बघणाऱ्याला कारण सांगता येत नाही म्हणून तो म्हणतो चिकटवल्यासारखं वाटतं. मी स्वतः ही टेस्ट उलट्या बाजूनं वापरतो, पहिली पेन्सिल जनावराशिवायच करतो, रिकामा रस्ता काढतो, आणि तो बघून कोणी विचारलं पाहिजे की बाप्पा इथून एवढं मोठं काय जातं. मगच जनावर आत आणतो.

आता यात एक गोष्ट वाचकाच्या वयावर आहे. चार-पाच वर्षांच्या पोरांसाठी असेल तर एवढं खोलात जायची गरज नाही, त्यांना डायनोसॉरच्या पाठीवर पोरगी बसलेली दिसली की झालं. आठ-दहाच्या पुढची पोरं मात्र लय बारीक बघतात, हा खातो काय, झोपतो कुठं, शी कुठं करतो, हे पहिल्या पानावर विचारतात. तुमच्या स्केचवरून मला वाटतंय तुम्ही त्याच वयासाठी करताय, म्हणून त्या हिशोबानं सांगतो.

सगळ्यात आधी ठरवायचं ते हे की ते एकत्र काहून राहतात. माणसाला काय मिळतं ते सोपं आहे, ओझं वाहणं, नांगर, शेण. जनावराला काय मिळतं? इथं बहुतेक जण अडकतात आणि मग डायनोसॉरला हुशार, बोलणारा, चष्मा लावणारा मास्तर करून टाकतात. तेही चालतं, पण आपल्या भागातल्या दगडांत याहून चांगलं उत्तर पडलेलं आहे. मध्य प्रदेशात धार जिल्ह्यात, नर्मदेच्या खोऱ्यात, टायटॅनोसॉरची 92 घरटी आणि 256 अंडी नोंदवली गेली, 2023 मध्ये त्याचा पेपर आला. ही टायटॅनोसॉर म्हणजे लांब मानेची शाकाहारी धुडं. अंडी मात्र गोल, साधारण 15 ते 17 सेंटीमीटरची, आणि घरटी इतकी जवळजवळ की मोठ्या जनावराला मधून फिरायला जागाच नाही. त्यावरून अभ्यासकांचा अंदाज असा की अंडी घालून माती लोटून आई निघून जात असणार, राखण वगैरे काही नाही. दुसरीकडे गुजरातमध्ये जीएसआयच्या, म्हणजे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या, धनंजय मोहबेंना असं एक घरटं मिळालं ज्यात अंड्याला वेटोळं घालून बसलेला साप आहे, साडेतीन मीटरचा, शेजारी नुकतं फुटलेलं अर्ध्या मीटरचं पिल्लू. 2010 मध्ये त्या सापाला सनाजेह असं नाव दिलं गेलं.

बघा ना, अख्खा करार इथंच तयार आहे. आई राखत नाही, साप खातो, आणि माणूस हा रात्रभर शेकोटी पेटवून राखण करणारा प्राणी आहे. आपल्याकडे शेतात मचाण बांधून जागलीला बसतात तसे तुमच्या जगात घरट्यांवर जागल्ये असतील. जी पिल्लं माणसांनी राखली ती माणसांच्या वासाला सरावली, मोठी होऊन त्याच गावाच्या आखरावर यायला लागली. आता तुमच्या पुस्तकाला गोष्ट पण मिळाली, कारण अर्ध्या मीटरचं पिल्लू घरात आणता येतं, पोरीच्या अंथरुणाशी झोपवता येतं, आणि ते थांबत नाही, वाढतच जातं. एका पावसाळ्यात दारातून आत येतं, पुढच्या एखाद्या पावसाळ्यात फक्त मान आत येते. तेच दार चार पानांवर काढा, चौकट प्रत्येक वेळी थोडी जास्त घासलेली. मला विचाराल तर हे चार पानं तुमच्या टी-रेक्सपेक्षा जास्त लक्षात राहतील.

करार ठरला की मग माणूस आणि जनावर जिथं जिथं एकमेकांना लागतात त्या जागा काढायच्या. दोरी, पट्टा, पाणी पाजायची जागा, शेण उचलायची जागा, खाली बसल्यावर पोट टेकतं ती माती. चित्रातला विश्वास बसतो तो इथं, मोकळ्या आकाशात डरकाळी फोडणाऱ्या पोझमध्ये नाही. ओझं ओढायचं उदाहरण घ्या. बैलाला वशिंड असतं, त्याच्या पुढं जू बसतं, म्हणून बंडी ओढता येते. टायटॅनोसॉरला वशिंड नाही, मान सरळ खांद्यातून निघते, त्याला जू लावलं तर ते घसरणार. मग छातीवरून रुंद पट्टा घ्यावा लागेल. वेसण तर विसराच, एवढ्याशा डोक्यावर आणि एवढ्या लांब मानेवर कासरा ओढून काही होणार नाही, मान मोडेल. मग इशारा कशानं देणार, पायावर काठी टेकवून, आवाजानं, की पुढं चालणाऱ्या पोट्ट्याच्या मागं मागं? गडचिरोलीत कमलापूरला हत्ती कॅम्प आहे, जमलं तर तिथं जाऊन नुसतं बसा आणि माहूत हत्तीला कुठं हात लावतो ते काढत रहा. हत्तीचे फोटो नेटवर ढिगानं आहेत पण माहुताचा पाय कानाच्या मागं कसा जातो आणि हत्ती त्याआधीच कसा वळायला लागतो हे फोटोत येत नाही.

आणि एकदा पट्टा छातीवर आला की बाकी सगळं बदलतं, हीच मजा आहे. पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलांचे खांदे शेकतो, हळद-तूप लावून पळसाच्या पानानं, आणि म्हणतो आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. खांदा काहून शेकतो, कारण वर्षभर जू तिथं घासलेलं असतं. तुमच्या जनावराचं घासणार छाती. म्हणजे तुमच्या जगात खांदशेकणी नाही, छाती शेकणी होणार, आणि त्यासाठी शिडी लागणार. एक बाई शिडीवर उभी, एका हातात तुपाची वाटी, पळसाचं पान छातीच्या काळवंडलेल्या पट्ट्यावर दाबलेलं, खाली पोरगा शिडी धरून दुसरीकडेच बघतोय. जनावराचं डोकं चित्रात नाहीच, ते कुठंतरी फ्रेमच्या वर कडुलिंब खातंय, फक्त पानं पडतायत. या चित्रात एक दात नाही, एक नखं नाही, तरी कोणी म्हणणार नाही चिकटवलंय.

वर मी सहज लिहिलं की पोरगा दुसरीकडे बघतोय, पण ते मुद्दाम आहे. तुमच्या तिन्ही स्केचेसमध्ये झाडून सगळी माणसं डायनोसॉरकडे बघतायत, तोंड उघडून. म्हणजे तो त्यांना आजच दिसलाय. रोज दिसणाऱ्या गोष्टीकडे कोण बघतं? तुमचं दुसरं स्केच, तर्री पोह्याच्या ठेल्याचं, ते मला सगळ्यात आवडलं, तेच घेऊन सांगतो. मागून एक मोठं जनावर चाललंय आणि ठेल्यावरचे सगळे वळून बघतायत. त्याऐवजी असं करा: पोहेवाल्यानं तर्रीचं पातेलं डाव्या हातानं आत ओढलंय, नजर मात्र गिऱ्हाईकाच्या पैशावर, कारण शेपटी रोज यावेळी इथून जाते. गिऱ्हाईकानं प्लेट छातीशी घेतलीय, वाकलाय, खाणं चालूच. ठेल्याचं छप्पर एका कोपऱ्यात चेपलेलं आणि तिथंच तार बांधून दुरुस्त केलेलं. बाकावर एक म्हातारा आहे, तो फक्त पाय वर घेतो. शेपटी जमिनीला लावू नका, हवेत ठेवा, कारण पावलांच्या ठशांचे जे माग मिळालेत त्यात शेपटी घासत गेल्याच्या खुणा क्वचितच असतात. आपल्याला फायदाच आहे, हवेतली शेपटी ठेल्याच्या उंचीला येते. बघणारा फक्त एकच ठेवा, कडेवरचं लहान पोर. किंवा बाहेरगावचा पाहुणा.

मोठ्या जनावराचं गल्लीतून जाणं बघायचं असेल तर नागपूरसारखी जागा नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी महाल-इतवारीत मारबत निघते, म्हणजे मोठाल्या मूर्तींची मिरवणूक, तेव्हा कागद घेऊन एखाद्या गच्चीवर चढा. काळी मारबत, पिवळी मारबत बघायला सगळेच जातात, तुम्ही वायर बघा, बांबूनं वायर वर उचलणारी पोरं बघा, वळणावर आरडाओरडा करणारा माणूस बघा, आणि मूर्ती गच्चीच्या उंचीला आली की वरची माणसं कठड्यापासून किती मागं सरतात ते बघा. हे सगळं उचलून थेट तुमच्या पुस्तकात टाकता येतं.

आता खवले. यातच उलटी गोम आहे, तुम्ही जितके खवले स्पष्ट काढाल तितकं जनावर छोटं दिसेल. मोठ्या सॉरोपॉडच्या, म्हणजे लांब मानेच्या शाकाहारी डायनोसॉरच्या, कातडीचे जे ठसे मिळालेत त्यात खवले साधारण काही मिलिमीटर ते काही सेंटीमीटरचे आहेत. रस्त्याच्या पलीकडून तेवढं दिसतच नाही, दिसतात त्या सुरकुत्या, वाळलेला चिखल, घासलेल्या जागा. तुम्ही लांबच्या जनावरावर बोटभर खवले काढलेत म्हणून डोळा म्हणतो ही पाल आहे, जवळून काढलेली. खवले फक्त तिथंच काढा जिथं हात कातडीला लागलाय. आणि अंगातच हवेचा फरक दाखवा, बारा-पंधरा मीटर लांब जनावर आपल्याकडे तोंड करून उभं असेल तर शेपटी डोक्यापेक्षा फिकी, निळसर-धुरकट पाहिजे, नागपूरच्या मे महिन्यात तर जास्तच, धूळ आहे, उन्हाच्या झळा आहेत. पायाखाली गडद सावली, मुरूम दबलेला, बोटांमधून वर आलेला. पोटाखालून लाल मुरुमाचा उजेड वर मारतो तो विसरू नका, तुमचं पोट राखाडी आहे, ते भर दुपारी तसं नसतं.

हे डोक्यातून काढणं अवघड आहे म्हणून मातीचं मॉडेल करा. चितारओळीत गणपती करणाऱ्यांकडे बसून तारेवर, तणसावर माती कशी चढवतात ते बघितलंत तर निम्मं काम झालं. प्रमाण 1:50 ठेवा, म्हणजे पंधरा मीटरचं जनावर 30 सेंटीमीटरचं होतं आणि माणूस साधारण सव्वातीन सेंटीमीटरचा, तारेचा करता येतो. दोन्ही गच्चीवर उन्हात ठेवायचे, मोबाइल माणसाच्या डोळ्याच्या उंचीवर, म्हणजे जवळपास फरशीला टेकवून, आणि फोटो. तुमच्या तिन्ही चित्रांत आपण दुसऱ्या मजल्यावरून बघतोय, त्यामुळं पण जनावर लहान झालंय. डायनोटोपियावाले जेम्स गर्नी सुद्धा मॉडेल करून, माणसांना कपडे घालून उभं करून चित्रं रंगवतात, ते आधी नॅशनल जिओग्राफिकसाठी पुराणवस्तूंवरची चित्रं करायचे, सवय तिथलीच.

सायन्स कशाला, हा प्रश्न. माझं मत असं की फँटसीत एक नियम मोडायचा आणि तो ठणकावून मोडायचा, बाकीचे पाळायचे. तुमचा मोडलेला नियम आहे माणूस आणि डायनोसॉर एकत्र. मग टी-रेक्स काहून? तो उत्तर अमेरिकेतला, त्याला नागपुरात आणायला दुसरं कारण लागणार. आपल्या पंचक्रोशीत काय कमी आहे! चंद्रपूर जिल्ह्यात डोंगरगावला आयसिसॉरस मिळाला, टायटॅनोसॉरपैकीच एक, उभट मान, लांब पुढचे पाय, एकदम वेगळीच आकृती, काढायला मजा. वरोऱ्याजवळच्या पिसदुऱ्याला टायटॅनोसॉरची हाडं आणि जनावरांच्या शेणाचे दगड झालेले गोळे मिळतात, त्या गोळ्यांत गवताचे सूक्ष्म कण सापडले आणि 2005 मध्ये ते छापून आलं, त्याआधी डायनोसॉरच्या काळात गवत नव्हतंच असं बहुतेक धरून चालायचे. म्हणजे तुमचं जनावर थोडं गवत खाताना दाखवलं तर ती फँटसी नाही, पण हिरवीगार कुरणं काढू नका, झाडपाला, ताड, सूचिपर्णी झाडं जास्त. शिकारी पाहिजे तर राजासॉरस आहे, गुजरातच्या रहिओलीचा, 2003 मध्ये नाव मिळालं, कपाळावर बुटकं गोल शिंग. लांबीचे अंदाज साडेसहा ते नऊ मीटर असे वेगवेगळे आहेत, तुम्ही मधला धरा.

सिरोंच्याकडचा बारापासॉरस, तोही लांब मानेचा शाकाहारी, घ्यायचा मोह होईल, कारण तो आपल्या गोदावरी-प्राणहिताच्या पट्ट्यातला. घ्या, पण एवढं लक्षात ठेवून घ्या की तो आणि आयसिसॉरस यांच्यात दहा कोटींहून जास्त वर्षांचं अंतर आहे, आयसिसॉरस आणि आपल्यात साडेसहा-सात कोटीच. म्हणजे आयसिसॉरसला बारापासॉरस आपल्यापेक्षा लांबचा. तुमच्या जगात दोघं एकत्र असतील तर मी त्यांच्यात काहीतरी अंतर दाखवीन, एक जंगलातच राहतो, गावात येत नाही, असं काही.

बेटाचं पण बघा. डायनोटोपिया हे कल्पनेतलं बेट, 1862 मध्ये जहाज फुटून बापलेक तिथं पोचतात आणि बाप वही लिहितो अशी रचना आहे, पुस्तक 1992 चं. आपल्याला बेट कल्पावं लागत नाही. आयसिसॉरसच्या काळात भारतच बेट होता, विषुववृत्ताच्या दक्षिणेला, हिमालय अजून नव्हता, आणि दख्खनचा लाव्हा तेव्हाच वाहत होता, सीताबर्डीची टेकडी त्याच काळ्या दगडाची. तुमच्या नकाशाच्या पानावर एवढं आलं तरी ते जग तुमचं झालं.

कॉपीचं उत्तर यातच आलं, तरी सांगतो. वहीची रचना, कडेला टिपणं, नकाशे, आडवे छेद, हे कोणाच्या मालकीचं नाही, जुन्या प्रवाशांच्या आणि सर्वे करणाऱ्यांच्या वह्या अशाच असायच्या, आपल्याच नागपुरात एकोणिसाव्या शतकात हिस्लॉप आणि हंटर हे पाद्री फिरून फिरून टाकळीपासून सगळीकडचे जीवाश्म गोळा करत होते. बिनधास्त वापरा. डायनोटोपियातलं धबधब्यांचं पांढरं शहर आणि फुलांच्या माळा घातलेल्या डायनोसॉरची मिरवणूक मात्र टाळा, ती चित्रं लोकांच्या डोळ्यात बसलेली आहेत. मिरवणूक पाहिजेच असेल तर पोळ्याची करा, पण आधी दहा पानं त्या जनावरांना राबताना दाखवा, मग झूल आणि घुंगरमाळ आली की ती सजावट वाटत नाही, सुट्टी वाटते. तान्हा पोळा पण सोडू नका, पोरांच्या हातात लाकडी बैलाऐवजी चाकं लावलेला लाकडी आयसिसॉरस, मान मोडून परत चिकटवलेली.

राहिली पिसं. राजासॉरसला काढू नका. 1996 पासून चीनमध्ये पिसांचे डायनोसॉर निघाले हे खरं, पण ते मुख्यतः दुसऱ्या शाखेतले, आणि राजासॉरसचा दक्षिण अमेरिकेतला नातेवाईक कार्नोटॉरस, त्याच्या कातडीचे ठसे मिळालेत, त्यात खवलेच आहेत, पिसं नाहीत. रंगाला मात्र तुम्हाला अडवणारं कोणी नाही, फक्त मोठ्या शाकाहारी जनावराला भडक हिरवा देऊ नका, आपल्याकडच्या उन्हात तो प्लास्टिक दिसतो. मातकट तपकिरी, पोटाकडे फिका, आणि पट्टा घासतो तिथं काळा.